बिनप्रेक्षकांची बारी

१६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली. सात वर्षांहून जास्त काळ बंद असलेला खेळ पुन्हा सुरू होणार होता. पारनेर, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात भंडारा उधळला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीत १ जानेवारी २०२२ला शर्यत ठरली. घाट तयार झाला, नावं नोंदवली गेली. आणि आदल्या रात्री जिल्हा प्रशासनानं शर्यत थांबवली. कारण ओमायक्रॉन. राज्य सरकारनं नुकताच आदेश काढला होता, की कुठल्याही कार्यक्रमाला पन्नासपेक्षा जास्त माणसं नकोत.

पन्नास माणसं. ज्यानं एकदा तरी भरलेला घाट पाहिलाय त्याला हा आकडा ऐकून हसावं की रडावं ते कळणार नाही.

यातली गंमत (गंमत म्हणायचं तर) अशी, की त्याच्या दीड वर्ष आधी जगातल्या सगळ्यात महागड्या शर्यती एकही प्रेक्षक नसताना सुरू झाल्या होत्या, आणि व्यवस्थित चालल्या होत्या. फॉर्म्युला वन चाललं, अमेरिकेतलं नॅस्कार चाललं, इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत झाली. मग आपल्या घाटाला ते का जमलं नाही? 'आपल्याकडे शिस्त नाही' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा कंटाळा येतो. ते उत्तर चुकीचंही आहे. ते का, हे बघायला आधी त्या मोटारींकडे जावं लागेल.

मार्च २०२०. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये फॉर्म्युला वनचा मोसम सुरू व्हायचा होता. गुरुवारच्या पत्रकार परिषदेत लुईस हॅमिल्टनला विचारलं, की एवढी साथ पसरत असताना ही शर्यत का होतेय? तो म्हणाला, 'कॅश इज किंग.' त्याच दिवशी मॅक्लारेन संघातल्या एका कर्मचाऱ्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि संघानं माघार घेतली. तरी शुक्रवारी, १३ मार्चला सकाळी लोक तिकिटं घेऊन फाटकाबाहेर रांगेत उभे होते. पहिल्या सरावाला जेमतेम दोन तास उरले असताना शर्यत रद्द झाल्याचं जाहीर झालं. रांगेतल्या लोकांना ते मोबाइलवर कळलं. लांडेवाडीची रात्र आणि मेलबर्नची सकाळ यांत फार फरक नाही. दोन्हीकडे निर्णय घ्यायला इतका उशीर झाला की रद्द होण्याचा मनस्ताप दुप्पट झाला.

फरक त्यानंतरच्या महिन्यांत आहे.

फॉर्म्युला वनच्या संघांनी कारखाने बंद केले. उन्हाळ्यातली सक्तीची सुट्टी वसंतातच घेतली आणि ती वाढवत वाढवत ६३ दिवसांवर नेली. मधल्या काळात मर्सिडीजच्या इंजिन विभागानं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजबरोबर श्वसनाला मदत करणारं सीपॅप यंत्र तयार केलं. पहिल्या बैठकीपासून पहिलं यंत्र हातात यायला शंभर तासही लागले नाहीत. मग ब्रिक्सवर्थच्या कारखान्यात अशी दहा हजार यंत्रं बनली. (इंजिनिअर म्हणून मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सगळ्यात आवडतो. पण तो इथे थांबवतो, कारण त्याचा वेगळा लेख होईल.)

नॅस्कार आधी परतलं. त्यांची शेवटची शर्यत ८ मार्चला झाली होती. १७ मे २०२०ला, बरोबर दहा आठवड्यांनी, साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर मोटारी उभ्या राहिल्या. सराव नाही, पात्रता फेरी नाही. माणसं सकाळी यावीत, ताप मोजावा, मास्क लावावा, शर्यत करावी आणि त्याच दिवशी घरी जावं. गाड्यांच्या दारांवर जिथे ड्रायव्हरचं नाव असतं तिथे डॉक्टर-नर्स मंडळींची नावं लिहिली होती. केविन हार्विक जिंकला. त्याची ती पन्नासावी जीत. गाडीतून उतरून त्यानं नेहमीसारखा जल्लोष करायला वर पाहिलं, तर वर फक्त रिकामे बाक. ती शांतता चमत्कारिक वाटली असं तो नंतर बोलून गेला.

फॉर्म्युला वन ५ जुलैला ऑस्ट्रियात सुरू झालं. यांनी साध्या मास्कवर भागवलं नाही. प्रत्येक संघातून ट्रॅकवर कामाला ८० माणसांची मर्यादा. प्रत्येक संघ हा वेगळा बुडबुडा. त्याच्या आत आणखी छोटे बुडबुडे. एका बुडबुड्यातला दुसऱ्यातल्याशी बोलणार नाही, जेवणार नाही. दर पाच दिवसांनी चाचणी. पहिल्या शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात ४,०३२ चाचण्या झाल्या आणि त्यात एकही पॉझिटिव्ह नव्हता. आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादी मोठी सिस्टीम बांधताना हेच करतो. एक भाग पडला तरी त्याच्याबरोबर सगळं पडू नये म्हणून भिंती घालतो. आणि ती सिस्टीम खरंच टिकली. सर्जिओ पेरेझला लागण झाली, त्याच्या जागी निको हुल्केनबर्ग आला. डिसेंबरमध्ये खुद्द हॅमिल्टनला झाली, त्याच्या जागी जॉर्ज रसेल बसला. शर्यत थांबली नाही. ठरलेल्या २२ शर्यतींच्या जागी १७ झाल्या, काही ट्रॅकवर लागोपाठ दोन-दोन. हॅमिल्टननं सातवं जगज्जेतेपद, म्हणजे शूमाकरची बरोबरी, इस्तंबूलला रिकाम्या स्टँडसमोर साजरी केली.

आपला एक मुलगाही त्या शांततेत जिंकला. मुंबईचा जेहान दारूवाला. ६ डिसेंबर २०२०ला बहरीनच्या साखीर ट्रॅकवर त्यानं फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. भारतीय मोटारस्पोर्टमधल्या मोजक्या मोठ्या दिवसांपैकी हा एक, आणि त्या दिवशी सामान्य प्रेक्षकांना ट्रॅकवर प्रवेशच नव्हता.

तेव्हा मी गावी होतो, पारनेर तालुक्यात. ऑफिसनं घरी पाठवलेलं, नेट ओट्यावर बसलं तरच यायचं. रविवारी संध्याकाळी मी ओट्यावर मोबाइल टेकवून शर्यत बघायचो. आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, गोठ्याचं काम उरकून शेजारी येऊन बसायचे. त्यांना गाड्यांचं फार काही नव्हतं. पण एकदा बराच वेळ स्क्रीनकडे बघून ते म्हणाले, "आरं, लोकच नाहीत. मग हे पळत्यात कुणासाठी?"

मी म्हटलं, "तात्या, टीव्हीसाठी."

ते काही बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की हे उत्तर त्यांनी मोजलं आणि त्यांना ते हलकं भरलं.

खरं तर उत्तर बरोबर होतं. फॉर्म्युला वनकडे पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. एक, शर्यत भरवणारे ट्रॅक देतात ती फी. दोन, प्रक्षेपणाचे हक्क. तीन, जाहिरातदार. तिकिटाचा पैसा भरवणाऱ्याकडे जातो, तो त्यातून फी देतो. प्रेक्षक गेले की पहिली वाट आटते, पण दुसरी चालू राहते, फक्त त्यासाठी शर्यत झाली पाहिजे. नियमानं किमान आठ शर्यती झाल्याशिवाय जगज्जेतेपदच देता येत नाही. म्हणजे थांबणं हे रिकाम्या स्टँडपेक्षा महाग होतं. तरीही फटका मोठा बसला. २०१९मध्ये फॉर्म्युला वनचं उत्पन्न दोन अब्ज डॉलरच्या थोडं वर होतं, २०२०मध्ये ते १.१४५ अब्जांवर आलं. पण धंदा बुडाला नाही. इंडियानापोलिसलाही तेच. अडीच लाख लोक बसतील एवढी आसनं, २३ ऑगस्टला सगळी रिकामी, त्या शर्यतीच्या इतिहासात पहिल्यांदाच. आधी निम्मे लोक घ्यायचं ठरलं, मग पाव, मग कुणीच नको. ट्रॅक त्याच वर्षी विकत घेतलेल्या रॉजर पेन्स्केनं नुकसान सोसलं, बक्षिसाची रक्कम कापली, पण शर्यत केली. जपानचा ताकुमा सातो जिंकला. आपल्याकडचं आयपीएल त्याच हिशोबानं यूएईत गेलं आणि प्रक्षेपणात गर्दीचा आवाज रेकॉर्डिंगवरून घातला गेला.

आता घाटाकडे येऊ. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि त्याला लागून असलेल्या आमच्या पारनेरसारख्या नगरच्या तालुक्यांत 'घाट' म्हणजे चढाची धावपट्टी. गाड्याला चार बैल, दोन मागे, दोन पुढे. त्यांच्यापुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. गाड्यात कुणी बसत नाही. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला 'बारी' म्हणतात. निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरची रेघ ओलांडली की बंद. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांत संपते. सगळ्यात कमी वेळ तो त्या दिवसाचा 'घाटाचा राजा'. सांगली-साताऱ्याकडे पद्धत वेगळी. सपाट मैदान, हलकी छकडी, हाकणारा वर बसलेला आणि चार-पाच गाड्या एकदम सुटतात. फॉर्म्युला वन बघणाऱ्याला सांगायचं तर आमचा घाट म्हणजे शनिवारची पात्रता फेरी आणि सांगलीचं मैदान म्हणजे रविवारची शर्यत. विदर्भातला शंकरपट पुन्हा निराळा.

घाटाला तिकीट नसतं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हजारो लोक येतात आणि भरवणाऱ्याला त्यांच्याकडून दमडी मिळत नाही. बक्षिसं गावच्या वर्गणीतून, नाहीतर पुढाऱ्याच्या आणि उद्योजकाच्या खिशातून. म्हणजे नुसत्या हिशोबानं पाहिलं, तर प्रेक्षकांविना शर्यत घेणं घाटाला फॉर्म्युला वनपेक्षा सोपं असायला हवं. उत्पन्न बुडायचा प्रश्नच नाही. प्रत्यक्षात उलट आहे. प्रेक्षकांच्या पैशावर चालणारा खेळ प्रेक्षकांविना चालला, आणि ज्याला प्रेक्षकाकडून एक पैसा मिळत नाही तो चालेना.

याचं कारण मला असं दिसतं. फॉर्म्युला वनमधला निकाल यंत्र लिहून ठेवतं, हजाराव्या सेकंदापर्यंत. तो जगातल्या प्रत्येक संघाच्या संगणकावर जातो, करारात उतरतो, पुढच्या वर्षीच्या पैशाचा आधार होतो. बघायला कुणी असो नसो, नोंद होते. घाटात नोंद माणसांच्या डोक्यात होते. भोंग्यावरून गाडामालकाचं, गावाचं, बैलाचं नाव पुकारलं जातं ते हजारो कानांसाठी. त्या कानांतून ते बाजारात जातं. अमुक बैल तमुक घाटात कसा लागला हे ज्यांनी पाहिलं, त्यांच्या तोंडून त्या बैलाची किंमत ठरते. मालक वर्षभर त्याला जे खाऊ घालतो ते बक्षिसाच्या रकमेत कधीच वसूल होत नाही. ते वसूल होतं नावात, आणि नाव लोकांशिवाय होत नाही. भेळेच्या गाड्या, रसवंती, खेळण्यांची दुकानं, रात्रीचा तमाशा, पाहुण्यांसाठी घरोघरी शिजणारं जेवण हे सगळं वेगळंच. जत्रेतून बारी काढली तरी जत्रा उरेल. पण बारीतून जत्रा काढली तर अकरा सेकंद उरतात.

तात्या ज्याला हलकं म्हणत होते ते हेच असावं.

आणि घाटांना रिकामेपण काही करोनानं शिकवलं नव्हतं. जुलै २०११मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत वाघ-सिंहांबरोबर बैलाचंही नाव घातलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. एकीकडे गाडी आली, दुसरीकडे गाडा निघाला. (पुढे ती गाडीही टिकली नाही. तीन वर्षं झाली आणि २०१४पासून, करमणूक कराच्या वादात अडकून, बंद. नगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, तिथे रणगाड्यांपासून सगळ्या गाड्या पारखल्या जातात, पण मोटारीची शर्यत म्हणून बघायला आमच्याकडे कधी काही नव्हतं. आमचं मोटारस्पोर्ट म्हणजे बैलच.) मार्च २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी उचलून धरली आणि ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यत दोन्ही बंद केल्या. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या त्या निकालात एक वाक्यही असं नाही जे सहज झटकून टाकता येईल. बैलाचं शरीर घोड्यासारखं धावायला बनलेलं नाही, तो पळतो तो भीतीनं आणि वेदनेनं, असं त्यात सविस्तर म्हटलंय. शेपटी पिरगाळणं, चाबूक, पराणी हे सगळं घाटांवर होत होतं. आमच्याकडची जुनी माणसंही ते नाकारत नाहीत.

पुढची काही वर्षं कोर्ट आणि सरकार यांच्यात चेंडू फिरत राहिला. जानेवारी २०१६मध्ये केंद्रानं सूट दिली, पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं ती स्थगित केली. जानेवारी २०१७मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर लाखो तरुण बसले आणि तमिळनाडूनं स्वतःचा कायदा केला. एप्रिलमध्ये महाराष्ट्रानंही केला. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं त्यावर शर्यतींना मनाई केली. २०१८मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं. तोवर खिल्लार पाळणाऱ्यांनी बैल विकले, काहींनी नुसते सांभाळले.

या काळात शर्यती झाल्याच नाहीत असं कुणी म्हणत असेल तर तो तालुक्याबाहेरचा. झुंजूमुंजू व्हायच्या आत, माळावर, दहा-वीस माणसांत बाऱ्या व्हायच्या. भोंगा नाही, भंडारा नाही. कुणी व्हिडिओ काढायचा नाही, कारण तो पोलिसांच्या हाती लागला तर पुरावा. डॉक्टर नाही, पंच नाही, बैलाला कुणी काय केलं ते बघायलाही कुणी नाही. म्हणजे डार्लिंग्टनच्या कितीतरी आधी आम्ही बिनप्रेक्षकांची शर्यत करून बघितली होती. तिला कुणी शर्यत म्हणत नव्हतं. 'बैल पळवून आणला' म्हणत.

करोनाच्या काळातली अशी सगळ्यात गाजलेली बारी सांगली जिल्ह्यातली. ऑगस्ट २०२१मध्ये आमदार गोपीचंद पडळकर यांनी आटपाडी तालुक्यातल्या झरे इथे बंदी झुगारून शर्यत घ्यायचं जाहीर केलं. प्रशासनानं आसपासच्या नऊ गावांत संचारबंदी लावली. २० ऑगस्टला पहाटे, पोलीस झऱ्यात असताना, वाक्षेवाडीच्या माळावर छकड्या पळाल्या. गुन्हे दाखल झाले. दिवस उजाडेपर्यंत सगळ्या वृत्तवाहिन्यांवर ती दृश्यं होती. माळावर माणसं मोजकी, बघणारं अख्खं राज्य. कुणी मान्य करो न करो, पडळकरांनी त्या सकाळी फॉर्म्युला वनचंच गणित वापरलं होतं.

आमच्या जिल्ह्याची तेव्हाची अवस्था वेगळी होती, आणि ती सांगितल्याशिवाय जानेवारी २०२२ कळणार नाही. दुसऱ्या लाटेत पारनेर तालुक्यात भाळवणीला आमदार नीलेश लंके यांनी हजारावर खाटांचं करोना केंद्र चालवलं. घाटात ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं ती माणसं तिथे खाटेला खाट लावून होती. राज्य मोकळं होत असताना नगर जिल्हा मोकळा झाला नाही. ४ ऑक्टोबर २०२१पासून दहा दिवस जिल्ह्यातल्या ६१ गावांत पुन्हा टाळेबंदी लागली, त्यातली चोवीस गावं एकट्या संगमनेर तालुक्यातली. त्याच आठवड्यात, ७ ऑक्टोबरला, राज्यभरची मंदिरं उघडली, शिर्डीचंही उघडलं. एकाच जिल्ह्यात एका गावात दर्शनाची रांग आणि दुसऱ्या गावात किराणा दुकानाला वेळेचं बंधन. अशा जिल्ह्यात दोन महिन्यांनी कोर्टाचा निकाल आला.

त्यानंतर आदेश कडक होत गेले. १० जानेवारीपासून दिवसा पाचपेक्षा जास्त लोकांनी एकत्र यायचं नाही, रात्री संचारबंदी. आता चार बैल आणि एक घोडी धरायला, जुंपायला, वर गेल्यावर अडवायला किती माणसं लागतात? पाचांत एक गाडासुद्धा उभा राहत नाही. त्या वर्षी पौष पौर्णिमा १७ जानेवारीला होती. पौष पौर्णिमा म्हणजे आमच्या तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाची यात्रा. म्हणजे बंदी उठल्यानंतरचा आमच्या पंचक्रोशीतला पहिला मोठा मुहूर्त नेमका जमावबंदीच्या मध्यावर आला.

लांडेवाडी थांबवली तेव्हा लोक चिडले, 'पुढाऱ्यांच्या लग्नांना गर्दी चालते का' असं विचारू लागले. प्रश्न रास्त होता. तरी माझं मत असं, की थांबवणं बरोबर होतं. ओमायक्रॉन सौम्य निघाला हे आपल्याला आज माहीत आहे, ३१ डिसेंबरच्या रात्री कुणालाच नव्हतं. चूक होती ती पन्नासच्या आकड्यात. पन्नास म्हणजे 'घ्या, पण घेऊ नका'. सरळ 'नाही' म्हटलं असतं तर लोकांना ते पचलं असतं. पन्नासची परवानगी ही बैलगाड्याला लग्नसमारंभाच्या मापानं मोजणारी होती. दुसऱ्या बाजूला, सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या नांगोळे इथे जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात शर्यत झाली. बंदी उठल्यानंतरची राज्यातली पहिली अधिकृत. तिथे कागदावर नियम होते आणि मैदानाभोवती माणसं. जे व्हायचं ते झालं.

रिकाम्या घाटाचा एक फायदा मात्र मला कुणाच्या बोलण्यात आला नाही, म्हणून इथे लिहितो. २०२०मध्ये ड्रायव्हर म्हणत होते की लोकांशिवाय चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. बैलाला विचारता आलं असतं तर त्यानं वेगळं सांगितलं असतं. भोंगा, फटाके, दोन्ही बाजूंनी अंगावर येणारी आरोळी यांनी बैल बिथरतो. ओरडणाऱ्या गर्दीचा उल्लेख कोर्टाच्या निकालातही आहे. ज्याच्यासाठी गर्दी हवी तो मालक. ज्याला ती नको असेल तो गाड्याला जुंपलेला. हा पेच परवानगीनं सुटलेला नाही.

फेब्रुवारीत निर्बंध सैल झाले. खेड तालुक्यातल्या निमगावच्या घाटात खासदार अमोल कोल्हे गाड्यापुढे घोडीवर बसले, निवडणुकीत तसा शब्द दिला होता म्हणून. मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पहिलं बक्षीस जेसीबी होतं. जेसीबी! वर्गणीचा खेळ बघता बघता भलतीकडे गेला. १८ मे २०२३ला घटनापीठानं तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि प्रश्न कायद्यापुरता मिटला.

नियमांत एक अट आहे. आयोजकानं पन्नास हजारांची अनामत ठेवायची, अंतर एक किलोमीटरच्या आत, बैलांची तपासणी डॉक्टरांकडून आणि सगळ्या शर्यतीचं चित्रीकरण करून ते प्रशासनाकडे द्यायचं. ज्या व्हिडिओला आठ वर्षं लोक पुरावा म्हणून भीत होते, तोच आता सक्तीचा झाला. आणि कॅमेरा घाटात आलाच आहे म्हटल्यावर पोरांनी तो यूट्यूबला जोडला. आता बऱ्याच घाटांचं थेट प्रक्षेपण असतं. कोपऱ्यात सेकंद पळतात, खाली गाडामालकाचं आणि गावाचं नाव येतं. एक जण वरच्या रेघेवर, एक खालच्या, मध्ये ड्रोन. नेट गेलं की चित्र गोठतं आणि खाली शिव्या पडतात.

मी पुण्यात असतो तेव्हा ते बघतो. तात्याही बघतात, माझ्या चुलतभावाच्या फोनवर. परवा पारनेरकडच्या एका घाटाचं प्रक्षेपण चालू असताना त्यांचा फोन आला. म्हटलं, "तात्या, आता कळलं ना कुणासाठी पळत्यात?"

"कळलं की," ते म्हणाले. मागे भोंग्याचा आवाज इतका मोठा होता, की ते फोनवर बघत नव्हते, घाटातच उभे होते. "पण तुझ्या त्या फोनात ती दुसरी बारी मागून दिसती. इथं पुढून दिसली. गाडा तिरका गेला होता. सांगणार हाय मी त्यांना."

आणि फोन बंद केला.